नानांनी चाखलेला चुना

"थुंका! नाना, आधी थुंका ते!"

मी ओरडत, चिखलात बूट रुतवत पळत गेले, तेव्हा माझे वडील एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाशी उकिडवे बसले होते. डाव्या तळहातावर तंबाखूचा भुगा, आणि उजव्या अंगठ्याचं नख पांढरं. पिंपाचं झाकण बाजूला पडलेलं. तो चुना पानपट्टीवरचा नव्हता हो. साडेतीनशे वर्षांच्या इमारतीच्या भिंतीला लावायला आणलेला होता, आणि नानांनी तो तंबाखूत मळून खुशाल गालात धरला होता.

माझ्या मागून माझी साहेबीण, मिसेस लॉरिमर, गाडीतून उतरून येत होती. तिनं चष्मा सावरला, नानांकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं.

"कॅला," ती हळूच म्हणाली, "तुझे वडील गिलावा खातायत का?"

माझं नाव कलावती. त्या ऑफिसात मी कॅला झाले होते. त्या क्षणी मात्र कॅला नको न् कलावती नको, धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

सत्याण्णव सालची गोष्ट. मी पुण्यात आर्किटेक्ट झाले, पुढे जुन्या इमारती सांभाळण्याचं शिकायला स्कॉटलंडला गेले, आणि तिथंच डंडीच्या उत्तरेला एका ऑफिसात चिकटले. तिकडे जुनं घर, जुना पूल, जुनी गिरणी, काहीही असो, सरकारच्या यादीत एकदा नाव गेलं की त्याची खिडकीसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. त्या परवानग्या बघायच्या, कामावर लक्ष ठेवायचं, ही माझी नोकरी. त्या सप्टेंबरात नाना दोन महिने माझ्याकडे आले होते. आई आली नाही. म्हैस गाभण होती, तिला सोडून आई काशीलाही गेली नसती.

आणि मला पहिल्यांदाच एक अख्खी इमारत माझी म्हणून मिळाली होती. बॅलकेर्नी नावाच्या खेड्याबाहेर, जवाच्या शेतात उभा असलेला पारव्यांचा मनोरा. पूर्वीच्या जमीनदारानं कबुतरं पाळायला बांधलेला. चौकोनी, दगडी, चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा उंच. छप्पर एकाच बाजूला उतरतं, दक्षिणेकडे, म्हणजे पाखरांना ऊन मिळावं. दोन्ही बाजूंच्या भिंतींचे माथे पायऱ्या-पायऱ्यांचे. आत शिरलं की चारी भिंतींत जमिनीपासून वरपर्यंत कोनाडेच कोनाडे, सहाशे बारा. मी स्वतः मोजले होते.

नानांना पहिल्या दिवशी नेलं तेव्हा ते आत नुसते मान वर करून गोल फिरत राहिले.

"एवढं पारव्यांसाठी?"

"व्हय."

"पुन्यवान मानूस म्हनायचा."

"नाना, थंडीत ती कबुतरं खायचे ते."

"हात् तिच्या!" म्हणून नाना बाहेर आले. पण बाहेर आल्यावर भिंतीला मध्येच चारी बाजूंनी गेलेली पुढे आलेली दगडाची पट्टी त्यांना दिसली. मी सांगणार एवढ्यात तेच म्हणाले, "ही उंदरासाठी. भिंतीवर चढला तरी हितनं उलटा पडतोय. खाऊंदेत न्हाईतर काय करूंदेत, पन बांधनारा शाना व्हता."

मला हे समजायला पुस्तक वाचावं लागलं होतं.

नाना गवंडी. बेलदारांच्या घरातले, फलटणकडचे. वयाच्या बाराव्या वर्षापासून चुन्यात हात. पुढं सिमेंट आलं आणि चुन्याचं काम संपलं, तसे ते बांधकाम खात्याच्या कामांवर रोजानं जायचे. आणि मी काय केलं, तर ऑफिसात त्यांची ओळख करून देताना सांगितलं, "माझे वडील बांधकाम खात्यात होते." खोटं नव्हतं. पण त्या लोकांनी ते टेबलखुर्चीवालं खातं समजावं अशाच बेतानं सांगितलं होतं. लाज वाटायची मला, दुसरं काय. आज सांगताना त्या लाजेचीच लाज वाटते.

तर त्या मनोऱ्याची उत्तरेकडची भिंत हे माझं दुखणं होतं. कधीतरी कुणीतरी तिला सिमेंट फासलं होतं. आत शिरलेलं पाणी बाहेर पडेना, भिंत आतून भिजून फुगली. आम्ही ते सिमेंट सोलून काढलं आणि भिंत उघडी केली. आता तिला तिकडच्या जुन्या पद्धतीचा गिलावा करायचा होता: चुना आणि खडीमिश्रित वाळू कालवायची, आणि थापीनं भिंतीवर फेकून मारायची. खरबरीत, पण भिंतीला श्वास घेऊ देणारा. हे सगळं ऑक्टोबरच्या मध्याआधी. एकदा गोठणारी थंडी पडली की चुना धरत नाही, आणि उघड्या भिंतीत मुरलेलं पाणी गोठलं की दगड फुटून भिंत बसते. सहाशे बारातले दीडशे कोनाडे त्या एका भिंतीत होते.

कंत्राटदार होता मिस्टर क्रॉम्बी. लाल गालांचा, हसतमुख. त्यानं दहा दिवसांपूर्वी भिंतीच्या कोपऱ्यात दोन हात लांबीरुंदीचा नमुना मारून ठेवला होता. आज मी तो बघायचा, मंजुरीच्या कागदावर सही करायची, आणि उद्यापासून परांची बांधायची असं ठरलं होतं. मिसेस लॉरिमर फक्त बरोबर आली होती. "इमारत तुझी, सही तुझी," असं तिनं गाडीतच सांगून टाकलं होतं.

आणि नाना? नानांची चुन्याची डबी दोन दिवसांपूर्वी संपली होती. डंडीच्या देशी दुकानात लोणची होती, पापड होते, मच्छरदाणीसुद्धा होती, चुना नव्हता. चुन्याशिवाय तंबाखू म्हणजे नानांच्या मते पालापाचोळा. दोन दिवस ते सगळ्यांवर कावलेले होते. टीव्हीवरसुद्धा. मग समोर पिंपभर चुना दिसल्यावर माणूस दुसरं काय करणार?

मी काय केलं ते मात्र सांगण्यासारखं नाही. सगळ्यांसमोर मी त्यांच्यावर खेकसले. "तुम्हाला काही कळतं का नाना? हे काय गावातलं काम आहे? माणसं बघतायत! माझी नोकरी घालवायला आलात का तुम्ही?"

ते मराठी तिथं कुणालाच कळलं नाही. पण आवाज सगळ्यांना कळला. क्रॉम्बी उगाच आपल्या बुटांकडे बघायला लागला.

नाना सावकाश उठले. बांधाकडे जाऊन थुंकले. तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लागंना."

"काय?"

"चुना लागंना. जिभंला चटका न्हाई, गालाला न्हाई. खडू खाल्ल्यावानी झालं. कले, ह्यो चुना मेलाय."

"नाना, जरा गप्प बसा आता. पाया पडते."

क्रॉम्बीनं कागद पुढे केले. चुना पुरवणाऱ्याचा दाखला होता, तीन महिने पाण्याखाली मुरवलेला माल. शिक्का होता, तारीख होती. मी पेनाचं टोपण काढलं. खरं सांगते, सही करून तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं मला. नानांचं नव्हे, लाजेनं माझंच तोंड भाजत होतं.

"सही तुजी हाय न्हवं?" नाना मागून म्हणाले, अगदी हळू. "मग निदान नख तरी लावून बघ."

हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. गावात कुणाच्याही घरी नवा गिलावा दिसला की नाना पहिलं नख लावायचे आणि आई त्यांना ओढून न्यायची. मी पेन तसंच हातात ठेवून नमुन्यापाशी गेले, ओलं पोतं बाजूला केलं आणि कडेला नख ओढलं. नखाबरोबर रेघ उमटली. बोटानं दाबलं तर पीठ हाताला आलं.

"अजून ओला आहे," क्रॉम्बी म्हणाला. "थंड हवा आहे, वेळ लागतो."

"दहा दिवस?" मी विचारलं.

"थंड हवा आहे," तो परत म्हणाला.

दाखला एका बाजूला, माझ्या बापाची जीभ दुसऱ्या बाजूला. सही केली आणि चुना मेलेला निघाला, तर जानेवारीत गिलावा गळून भिंत जाणार. सही नाही केली, तर मुरलेला दुसरा चुना आणायला तीन आठवडे, म्हणजे भिंत उघडी राहणार आणि जाणारच. आणि नाही म्हणायला कारण काय लिहू? वडिलांना तंबाखूत लागला नाही?

तेव्हा मला हळद आठवली.

आईनं निघताना माझ्या बॅगेत हळदीची पुडी कोंबली होती, कापलं-खुपलं तर असू दे म्हणून, आणि मी ती गाडीतल्या मलमपट्टीच्या डब्यात ठेवली होती. पाय मुरगळला की आपल्याकडे हळद-चुन्याचा लेप देतात. पिवळी हळद, पांढरा चुना, आणि कालवलं की लालभडक. चुना जिवंत असेल तर! मी गाडीकडे धावले. थर्मासच्या झाकणात हळद घेतली, थेंबभर पाणी, आणि पिंपातला बोटभर चुना घालून कालवला.

पिवळा. जरासा नारिंगीकडे झुकला आणि तिथंच थांबला.

"हे लाल व्हायला हवं," मी इंग्रजीत म्हणाले.

"का?" क्रॉम्बीनं विचारलं, आणि बरोबरच विचारलं. लाल झालेलं त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

आता शेतापलीकडच्या घरात विली रेनी म्हणून एक म्हातारा राहायचा. सत्तरी उलटलेला, जुना गवंडी. या कामाला त्याला घेतलं नव्हतं, कारण त्याच्याकडे ना कंपनी, ना कागदपत्रं. पण तो रोज फाटकाला टेकून आमचं काम बघायचा. माझा मघाचा आरडाओरडा ऐकून तो एव्हाना आमच्यात येऊन उभा राहिला होता. त्यानं झाकणात डोकावून बघितलं, नमुन्याला स्वतःचं नख लावलं, नानांकडे बघितलं आणि म्हणाला, "आय."

तिकडच्या बोलीत 'हो'ला 'आय' म्हणतात.

"आईला कशाला हाका मारतोय ह्यो?" नाना म्हणाले.

विलीनं हातानं थांबा अशी खूण केली आणि गेला. दहा मिनिटांनी एक बादली घेऊन आला. घरामागं जमिनीत पुरलेल्या पिंपांत त्याचा स्वतःचा चुना होता, अख्खी भिंत होईल एवढा. अकरा वर्षांपूर्वी भिजवलेला. शेवटचं काम झाल्यावर उरलेला टाकवला नाही म्हणे, तेव्हापासून दर महिन्याला वर पाणी घालत आला होता. कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाला, "चुना आहे. सुकू कसा द्यायचा?"

बादलीतला चुना लोण्यावाणी होता. नानांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. मी मान हलवली.

त्यांनी नखाच्या टोकावर एवढासा घेतला, जिभेला लावला, आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"आय आय गं!" नाना ओरडले. "आग लागली! ह्याला म्हनत्यात चुना!"

"आय, आय!" विली खूश होऊन म्हणाला. त्याला वाटलं हे आपल्या भाषेत बोलले.

मी थर्मासचं झाकण धुतलं, नवी हळद घेतली, आणि विलीचा चुना घातला. बोट फिरवायचा अवकाश, झाकणात लालभडक लेप. मिसेस लॉरिमर वाकली. क्रॉम्बी वाकला. चुन्यावर पोट असलेली ती माणसं त्या झाकणाकडे डोळे फाडून बघत होती, आणि आमच्या आळीतल्या कुठल्याही म्हातारीनं त्यात नवल मानलं नसतं.

क्रॉम्बीचे गाल होते त्याहून लाल झाले. माणूस वाईट नव्हता तो. म्हणाला, जूनमध्ये पिंपाचं झाकण तडकलं होतं, चुना वाळून खडा झाला होता, त्याच्या माणसानं तो फोडून पाण्यात घोळवला. "वाटलं, पाण्यानं परत ताजा होईल."

मी नानांना सांगितलं. त्यांनी क्रॉम्बीकडे बघितलं ते दयेनं. "त्याला सांग, वाळलेल्या चुन्याचा दगूड होतोय. पुन्यांदा भट्टीत घातल्याबिगर उठत न्हाई."

"यांना हे सगळं कसं ठाऊक?" मिसेस लॉरिमरनं मला विचारलं. "बांधकाम खात्यात कुठल्या हुद्द्यावर होते हे?"

"हुद्दा नव्हता," मी म्हणाले. "गवंडी आहेत माझे वडील. त्यांचे वडीलही. मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

"का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. रागावून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं.

त्या दुपारी नवा नमुना मारला. क्रॉम्बीनं वाळू आणली, विलीनं चुना, आणि कालवण्यावरून दोन म्हाताऱ्यांचं जुंपलं. नाना म्हणत, अजून मळ. विली म्हणे, पुरे. नाना मराठीत, विली त्याच्या बोलीत, दोघंही मोठ्यानं, म्हणजे मोठ्यानं बोललं की कळतं अशा समजुतीनं. शेवटी नानांनी फावडं हिसकावून घेतलं आणि अर्धा तास मळत राहिले. मग विलीनं थाप कशी फेकायची ते दाखवलं, मनगटाचा झटका देऊन. नानांची पहिली थाप माझ्या कोटावर आली, दुसरी भिंतीवर. तिसरीनंतर विली बाजूला झाला आणि त्यानं पाइप पेटवला.

पुढचे दहा दिवस नाना रोज सकाळी मला तिकडं गाडीनं सोडायला लावायचे. नमुन्यावरचं पोतं ओलं करायचे, वारा आला की दुसरं टाकायचे, बाळंतिणीची करावी तशी त्याची उस्तवार. विली चहा आणायचा. चुन्याची डबी विलीच्या पिंपातून भरली गेली होती, त्यामुळे नाना आता कुणावर कावत नव्हते. संध्याकाळी घरी येऊन मला सगळं सांगायचे: विलीची बायको गेली, विलीचा पोरगा ऑस्ट्रेलियात आहे, विलीच्या गुडघ्याला वात आहे. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. हे कुठून कळलं, ते मी विचारलं नाही. मी रोज हवामानाच्या बातम्या ऐकत होते. थंडी थांबून होती.

अकराव्या दिवशी मिसेस लॉरिमर परत आली. मी नख लावलं. नख मागं वळलं, भिंतीला काही झालं नाही. मग किल्ली ओढून बघितली. मग क्रॉम्बीनं आपली किल्ली ओढून बघितली आणि मोठ्यानं हसला. म्हणाला, उद्या उजाडताच सुरू करतो, आणि हे दोघं म्हातारे मला परांचीवर हवेत.

मी मंजुरीचा कागद काढला. गाडीच्या बॉनेटवर ठेवला. त्यात शेवटी दोन रकाने होते: माल कुणी तपासला, आणि मंजुरी कुणी दिली. मी दोन्हींखाली माझं नाव घालायला लागले, तसा मिसेस लॉरिमरनं माझा हात धरला.

"तपासला कुणी?" ती म्हणाली.

मी नानांकडे पेन केलं. "नाना, इथं सही करा."

"म्या? कशाची?"

"चुना तुम्ही तपासलात म्हणून. हा कागद इमारतीच्या फाइलीत राहतो. इमारत आहे तोवर."

नानांनी पेन घेतलं नाही. हात धोतराला पुसले, मग परत पुसले. "कले, पन्नास वर्सं भिंती बांधल्या. पाट्या लागल्या त्या सायबांच्या न् आमदारांच्या नावाच्या. बांधनाऱ्याची सही मागितल्याली म्या आजच बघतोय." त्यांनी मिसेस लॉरिमरकडे बघितलं. "बाईला नक्की म्हाईत हाय न्हवं, म्या गवंडी हाय?"

"माहीत आहे नाना," मी म्हणाले. "म्हणूनच मागतेय ती."

मग त्यांनी पेन घेतलं. तिसरीपर्यंत शाळा झालेली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर सुटं, ठळक, वर दोरी लावून आखल्यासारखी सरळ रेघ: ज्ञानोबा तुकाराम बेलदार. एवढी मोठी अक्षरं की 'बेलदार' रकान्याची रेघ ओलांडून माझ्या रकान्यात शिरलं आणि पार कागदाच्या कडेला जाऊन थांबलं. क्रॉम्बीनं टोपी काढून हातात धरली होती. विली वाकून ती अक्षरं न्याहाळत होता आणि "आय" म्हणत होता.

"बिघडलं का गं?" नाना घाबरून म्हणाले. "तुजी जागा खाल्ली की म्या."

"नाही नाना," मी म्हणाले.

पुढं मी फार मोठमोठ्या इमारतींच्या कागदांवर सह्या केल्या, ऐसपैस, वळणदार. बॅलकेर्नीच्या कागदावर मात्र माझी सही बारीक आहे, मुंगीएवढी. नानांच्या शेवटच्या 'र'च्या खाली जेवढी जागा उरली होती, तेवढ्यात बसवली मी ती.